बोंबील चालेल, पेढा नाही

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रोडवरचा, दुसरा डोंबिवलीचा, मानपाडेश्वराचा. मी दुसऱ्यातला. आमची पार्सलं पहिल्यात जातात, त्यांचे पाहुणे आमच्या नाक्यावर पत्ता विचारत फिरतात. त्यामुळे मी स्लोव्हेनियाला जाऊन आलो म्हटल्यावर सोसायटीतला जो तो ‘म्हणजे ते झेकोस्लोव्हाकियातलंच ना?’ असं विचारू लागला, तेव्हा मला राग आला नाही. स्लोव्हेनिया वेगळा, स्लोव्हाकिया वेगळा. पण दोघांचेही झेंडे पांढरे-निळे-लाल, दोघेही १ मे २००४ रोजी युरोपियन युनियनमध्ये शिरले आणि २१ डिसेंबर २००७ला शेंगेनमध्येही बरोबरच. मानपाड्याच्या माणसाने कुठल्या तोंडाने हसायचं?

तिथेच का गेलात, असं विचारतात. निसर्ग, शांतता वगैरे मी सांगतो. खरं कारण असं की, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून न आलेलं माणूस शोधावं लागतं. आणि लिहायचं म्हटलं, तर तुर्कस्तान, ग्रीस, रोम, इराण, मेक्सिको हे सगळं मीना प्रभू आधीच संपवून बसलेल्या. माझ्या विद्वत्तेला एखादा कोरा देश हवा होता. सगळा देश मिळून सुमारे २१ लाख माणसं. २०११च्या जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास भरली होती. एवढ्याशा देशाचा तज्ज्ञ व्हायला कितीसा वेळ लागतो?

तर सल्ला. आखातातून व्हिएन्नाला उतरा, तिथून रेल्वेने सहाएक तासांत ल्युब्लियाना. नळाचं पाणी बिनधास्त प्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवा. पोस्तोयनाच्या गुहेत बारा महिने दहा अंशांच्या आसपास थंडी, तेव्हा मे महिन्यातही स्वेटर न्या. आत चक्क रेल्वे आहे, १८७२ पासूनची, आणि बसायला जागा मिळते. ब्लेडच्या तळ्यातल्या बेटावर चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत. लग्नाच्या दिवशी नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायच्या आणि तोवर नवरीने एक शब्द बोलायचा नाही, अशी प्रथा. ‘दोन्ही अशक्य,’ असं आमच्या हिने खालच्या पायरीवरच जाहीर केलं.

पण लोकांना यातलं काही नको असतं. खायला काय न्यायचं, एवढंच विचारतात. या विषयावर मात्र मी कुणाला सोडत नाही.

युरोपियन युनियनचा कायदा असा, की बाहेरच्या देशातून येताना सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत. म्हणजे पेढे गेले, श्रीखंड गेलं, साजूक तुपाची बरणी गेली. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर मात्र दोन किलोपर्यंत चालते. लाडवाचं काय? त्यात तूप किती, यावर कस्टमवाल्याशी वाद घालायची ज्यांची तयारी असेल त्यांनी न्यावा. फळं-भाज्यांना त्यांच्यावर रोगराई नसल्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे हापूस नाही, कढीपत्त्याची काडीसुद्धा नाही. सूट पाचच फळांना: नारळ, केळं, खजूर, अननस आणि ड्युरियन. नारळ, केळी, खजूर! अर्धा सत्यनारायण तिथेच उरकला. अडतं ते फक्त शिऱ्याच्या तुपाशी. आणि मासे? मासे माणशी २० किलोपर्यंत खुशाल आणा, सुके, खारवलेले.

मी हे गच्चीवर सांगितलं, तेव्हा सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते शुद्ध शाकाहारी, आणि बॅगेत दोन किलो पेढे ठरलेले. तळमजल्यावरचे आगरी काका इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. ते पुढे सरकले. ‘मंग सुकं बोंबील चालतान नं?’ चालतात, म्हटलं. वीस किलो. काकांचं जन्मात कधी युरोपला जायचं मनात नव्हतं, पण त्या रात्री ते लेकाला पासपोर्टचं विचारत होते. माझी खात्री आहे, हा कायदा ब्रसेल्समध्ये कुणा आगरी आजीने बसून लिहून घेतलाय. तीस युरोपियन प्रवाशांच्या डब्यात बोंबलाची पिशवी उघडल्यावर काय होतं, याबद्दल मात्र त्यात एक कलमही नाही.

व्हिसाचं सांगायचं राहिलं. किमान ३० हजार युरोचा विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, बँकेची स्टेटमेंटं, आयकराचे कागद, रजेचं पत्र. घराचे कागदही मी जोडले. या सगळ्याचा मथितार्थ एकच: हा माणूस परत जाईल ना? काउंटरपलीकडची मुलगी कागद उलटत होती आणि मला उगाच घुसमटायला झालं. परत येण्याची काळजी करायची, तर ती डोंबिवली स्टेशनवर करा. ९ जून २०२५ला सकाळी ऑफिसच्या वेळी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली. त्यांतली काही घरी आलीच नाहीत. त्यांच्या रोजच्या परतीची हमी कुणी कुठल्या खिडकीवर मागितली नव्हती. आमची मुलगी त्याच मार्गाने जाते. तिचा फोन लागेपर्यंत मी घरात काय काय केलं, ते लिहीत नाही.

असो. व्हिसा मिळाला.

शेवटचा मुद्दा शिक्क्याचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. माझा प्रवास त्याआधीचा. म्हणजे माझ्या पासपोर्टात खराखुरा शाईचा शिक्का आहे, पुढे जाणाऱ्यांच्या नशिबी नसलेला. हे मी लिफ्टमध्ये, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी सांगत असे. अखेर सेक्रेटरींनी पासपोर्ट मागून घेतला, चष्मा लावला. शेंगेनमध्ये तुम्ही जिथे पहिलं पाऊल टाकता तिथला शिक्का बसतो आणि त्यावर त्या देशाचं अक्षर असतं. माझ्या शिक्क्यावर ‘ए’ होता. ऑस्ट्रियाचा.

मी व्हिसाचं पान उलटून दाखवलं, तो तर स्लोव्हेनियाने दिलेला होता.

‘ती जायची परवानगी झाली,’ सेक्रेटरी म्हणाले, ‘गेल्याचा पुरावा नव्हे. आणि ऑस्ट्रिया आमच्या पॅकेजमध्ये होतं.’