‘हाकेच्या अंतरावर’ असं लिहिणाऱ्या अज्ञात गृहस्थास अनावृत पत्र

प्रिय महोदय,

आपलं नाव मला ठाऊक नाही. हॉटेलांची वर्णनं लिहिणाऱ्यांनी खाली सही करण्याची पद्धत नसावी, आणि ते आपल्या प्रकृतीच्या दृष्टीने बरंच आहे. पण ‘फोर्ट भागात, मेट्रो स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, चालत अवघी पाच मिनिटे’ हे वाक्य आपलंच. ते मी नागपुरात आरामखुर्चीत बसून, चहा पिता पिता वाचलं. महिन्याभराने तेच वाक्य दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन चाललो. शब्द तेच होते, लांबी बदलली होती.

आधी सामान सांगतो, कारण आपल्या वाक्यात त्याला जागा नाही. साडूच्या मुलीचं लग्न गिरगावात, आणि रुखवताची जबाबदारी आमच्या सौ.ने आपण होऊन घेतलेली. विमानात माणशी १५ किलो पोटात आणि ७ किलो हातात, एवढ्या हिशेबात तिने कुरडया, सांडगे, मुगवड्या, अनारसे आणि शिंपल्यांचं तुळशीवृंदावन बसवलं. काड्यापेटीतल्या काड्यांचा बंगलाही होता. काड्या विमानात चालत नाहीत असं कळल्यावर तो ऐन वेळी आइस्क्रीमच्या काड्यांचा झाला. या सगळ्याचं सुतळीने बांधलेलं एक खोकं, आणि वर चाकांच्या दोन बॅगा. पूर्वी असं लटांबर घेऊन आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने यायचो आणि साडूंच्या चाळीतल्या खोलीत पथारी टाकायचो. आता मुलगा कमावता झाला. त्याने विमान काढून दिलं आणि आपलं हॉटेलही.

विमानाबद्दल तक्रार नाही. मुंबईच्या सहार विमानतळाच्या टर्मिनल २ बद्दल तर अजिबात नाही. २०१४ साली सुरू झालेली ती इमारत बॅगांच्या चाकांसाठीच बांधली असावी. फरशी अशी की बॅगेला नुसतं बोट लावलं तर ती आपल्या पुढे चालते. सौ. म्हणाली, “अहो, हे तर काहीच नाही!” हे वाक्य तिने त्या संध्याकाळी पुन्हा उच्चारलं नाही.

टॅक्सी का केली नाही, असं आपण विचाराल. केली होती. चालकाने डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी आडवी पहुडलेली, जणू हॉटेलात तिलाच न्यायचं होतं. टाकीच्या पुढे उरलेल्या फटीत एक चप्पल मावली असती, तीही मिटून. जुन्या पद्मिनी टॅक्सीच्या टपावर निदान कॅरियर असायचा. २०२३च्या ऑक्टोबरात त्या रस्त्यावरून गेल्या. आमच्या वाट्याला आलेल्या गाडीला डिकी नाही नि टपही नाही. “होईल ॲडजस्ट, काका,” चालक म्हणाला. त्याची योजना अशी : एक बॅग पुढच्या सीटवर, एक माझ्या मांडीवर, आणि तुळशीवृंदावन दक्षिण मुंबईपर्यंत सौ.ने दोन्ही हातांनी अधांतरी धरायचं. आम्ही त्याला नमस्कार केला आणि आपल्या वाक्यावर भरवसा ठेवून मेट्रोकडे वळलो.

मेट्रो ३ बद्दल मी वाकडा शब्द लिहिणार नाही. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातलं आरे सोडलं तर सगळं जमिनीखाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंतचं भाडं ७० रुपये. वरच्या मुंबईत काय चाललंय याचा पत्ता न लागता आम्ही तासाच्या आत हुतात्मा चौकाला पोचलो. विमानतळापासून इथवर चाकांनी कुरकूर केली नव्हती. मला वाटलं, आता काय, पाच मिनिटं.

महोदय, भुयारी स्थानकाला एकच दार नसतं. या दारातून वर आलात तर रस्त्याच्या अलीकडे, त्या दारातून आलात तर पलीकडे, आणि दोहोंच्या मध्ये संध्याकाळी सहाचा फोर्ट. आपण कोणत्या दारापासून पाच मिनिटं मोजलीत ते लिहिलं नाही. मी चुकीचं निवडलं, हा दोष माझा. पण लिफ्टची पाटी जिकडे दिसते तिकडे सामानवाला जातो, इतका मनुष्यस्वभाव वर्णनं लिहिणाऱ्याला ठाऊक असावा.

आता हाकेविषयी. शेताच्या बांधावरून मारलेली हाक दोन शेतं ओलांडून जाते. हुतात्मा चौकात सहा वाजता मारलेली हाक शेजारी उभ्या बायकोपर्यंत पोचत नाही. मी मारून पाहिली. “काय म्हणता?” तिने रस्ता ओलांडल्यावर विचारलं, आणि तोवर मी काय म्हणत होतो ते मीच विसरलो होतो.

मग सुरू झाला फूटपाथ. भारतीय रस्ते काँग्रेस नावाची एक संस्था आहे. पादचाऱ्यांसाठीच्या तिच्या २०१२च्या मार्गदर्शिकेत म्हटलंय की फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याचा कठडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. म्हणजे वीतभराहून कमीच. मी तो कठडा नव्वदच्या दशकातल्या गुडघ्यांनी आणि आत्ताच्या बॅगेने चढलो. वर पेव्हर ब्लॉक. त्यांच्यात जी फट असते ती बरोबर एका चाकाच्या मापाची. एवढी अचूकता आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या कामात दिसत नाही. दहा पावलांवर झाकण, झाकणापुढे खांब, खांबापुढे पुस्तकवाल्यांची रास (आणि तिच्यात माझ्या कॉलेजच्या वर्षांतलं एक पुस्तक, पण हात मोकळा नव्हता), त्यापुढे फूटपाथ उतरतो, गल्ली, मग पुन्हा कठडा. बॅगांची खडखड ऐकून पुढची माणसं बाजूला होत होती, एवढाच काय तो फायदा.

या चाकांचा इतिहास मी पुढे सवडीने पाहिला. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन गृहस्थांना १९७२ साली बॅगेला चाकं लावण्याचं पेटंट मिळालं. उभी धरून ओढायची, लांब दांड्याची बॅग त्यानंतर १९८७ साली आली, आणि ती काढणारे रॉबर्ट प्लॅथ हे वैमानिक होते. यातच सगळं आलं. वैमानिकाला विमानतळाच्या फरशीवरून थेट गाडीत आणि गाडीतून थेट हॉटेलच्या गुळगुळीत दालनात जायचं असतं. चाक त्याच्या वाटेसाठी निघालं; आपण ते मुंबईच्या फूटपाथवर आणून सोडलं आणि वर म्हणतो, बॅगाच हल्ली टिकत नाहीत.

एक चाक निखळलं तेव्हा सौ. फक्त “काहून हो?” एवढंच म्हणाली. तो प्रश्न मला होता, बॅगेला होता की आपल्याला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

जपानमध्ये, महोदय, घराच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून चालत इतकी मिनिटं’ लिहायचं तर ८० मीटरला एक मिनिट धरावं लागतं, आणि वरचे मीटर उरले तर पुढचं पूर्ण मिनिट मोजावं लागतं. तसा त्यांच्या धंद्याचा नियमच आहे. सिग्नलला थांबलेला वेळ तेही धरत नाहीत, पण निदान मोजपट्टी आहे. शिवाय तिथे विमानतळावरच्या खिडकीत बॅग दिली की ती आपली आपण हॉटेलात पोचते. माणूस नुसती छत्री हलवत जातो. आपल्याकडे ‘पाच मिनिटं’ हे माप नाहीच. तो दिलासा आहे. ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणणारा माणूस अजून अंघोळीला गेलेला नसतो.

हॉटेलाशी पोचलो तेव्हा २३ मिनिटं झाली होती. ‘लिफ्ट आहे’ हेही आपलंच वाक्य. आहे, नाकारत नाही. लाकडी जिन्याच्या ११ पायऱ्या चढल्या की लोखंडी जाळीचं दार, आणि आत दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग. खोक्याने स्वतंत्र फेरी केली. सोबत जायला जागा नव्हती, म्हणून वर ते घ्यायला सौ. आधीच जाऊन उभी राहिली होती.

त्या क्षणी मला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा हमाल आठवला. लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला. घासाघीस व्हायची, तोंड वाकडं व्हायचं, पण एकदा त्याने डोक्यावर वळकटी आणि वर ट्रंक चढवली की कठडा, फट, झाकण हे शब्द आपल्याला ठाऊकही नसायचे. त्याची चाल इतकी वेगवान असे की आपण रिकाम्या हाताने धावत त्याच्या मागे.

रात्री जेवण झाल्यावर मी चाक शोधायला एकटाच बाहेर पडलो. हात मोकळे, पायात चपला, रस्ता शांत. हॉटेलपासून मेट्रोच्या बरोबर दारापर्यंत घड्याळ लावून गेलो. सहा मिनिटं लागली. म्हणजे आपण फारसं खोटं लिहिलं नाहीत, महोदय. आपण सामान न घेता लिहिलंत. सबब विनंती एवढीच की पुढचं वर्णन लिहिण्याआधी एकदा नागपूरला यावं. अनारसे मी देईन, खोकंही देईन, सुतळीची गाठ सौ. मारून देईल. मग आपण हवं तिथून हाक मारावी.

आपला नम्र,
एक रुखवतवाला

ता. क. : तुळशीवृंदावन शाबूत पोचलं. बंगल्याचा वरचा मजला गेला; साडू म्हणाले, तसाही तो अनधिकृतच वाटत होता. चाक मात्र सापडलं नाही. काळं आहे, मध्ये राखाडी पट्टा. आपल्या त्या हाकेच्या अंतरातच कुठेतरी असेल. दिसलं तर हाक मारा.