माननीय लिंबू-मिरची साहेबांना खुले पत्र

प्रति,
माननीय लिंबू-मिरची साहेब,
मुख्य अभियंता, प्रवास सुरक्षा विभाग,
मुक्काम : समोरचा बंपर, जुनी मारुती 800, गुरुकुंज मोझरी

विषय : मोझरी ते पंढरपूर दौऱ्यात गाडीची संपूर्ण जबाबदारी एकट्याने स्वीकारल्याबद्दल अभिनंदन

महोदय,

आमच्या शेजाऱ्यांनी आषाढीला सहकुटुंब पंढरपूरला गाडीने जायचं ठरवलं आहे. गेला आठवडाभर तयारी जोरात आहे. गाडी धुऊन झाली, पॉलिश झालं, सीट कव्हर नवी आली, मागच्या काचेवर ‘माऊली’ चिकटली, डिकीत गावाला ऐकू जाईल असा स्पीकर बसला. ब्रेक कधी बघितले होते, असं मी भीत भीत विचारलं. उत्तर मिळालं, “कायले टेन्शन घेऊन रायले राजेहो? लिंबू बांधलं ना समोर!”

त्या क्षणी आपली खरी योग्यता माझ्या लक्षात आली. म्हणून हा पत्रप्रपंच.

साहेब, आपल्या धाडसाला आधी नमस्कार. ज्या गावात तुकडोजी महाराजांनी 1935 साली आश्रम उभा केला, ज्यांनी हयातभर खंजिरी वाजवून अंधश्रद्धेवर कोरडे ओढले, ‘ग्रामगीते’त स्वच्छता आणि श्रम यांनाच पूजेचा मान दिला, त्यांच्या समाधीच्या गावात आपण भर महामार्गाला तोंड करून लटकता. पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखभर माणूस मौन उभा असतो; बाहेर गाड्यांच्या रांगेत मात्र आपले बांधव बंपरागणिक ताठ मानेने हजर असतात. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आपल्या वाटेला जात नाही. इतकं संरक्षण मंत्र्यांनाही नसतं.

आता थोडं कामाचं. मुख्य अभियंता म्हणून काही खाती आपल्याकडे आपोआप येतात.

पहिलं खातं पाण्याचं. मृग लागला तरी वऱ्हाडातलं ऊन लगेच हटत नाही. अशा उन्हात पाच माणसं, सामान आणि तो स्पीकर घेऊन जुनं इंजिन तापणारच. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी लगेच उकळत नाही. त्या झाकणाचं रबर कडक झालं, की हा दाब गेला आणि पाणी बाहेर आलं. होज पाइप बोटांनी दाबून बघायचे असतात. कडक झालेला किंवा फुगलेला पाइप प्रवासाआधीच बदलायचा असतो. शेजाऱ्यांच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी आहे. आतल्या क्षारांशी आपण बोलणी करालच. फक्त वाटेत गाडी गरम झाली आणि कुणी उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडायला गेलं, तर त्याचा हात धरा. आपल्याला हात नाहीत, ही अडचण मला दिसते आहे.

दुसरं खातं टायरचं. जाताना जालन्यापर्यंत ‘समृद्धीवरून काढू’ असा बेत आहे. तो महामार्ग 701 किलोमीटरचा, 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. मोटारींना तिथे ताशी 120 ची मुभा आहे. ही मुभा रस्त्याला झेपते; शेजाऱ्यांच्या टायरला झेपते का, हे टायरलाच विचारावं लागेल. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. जुना टायर वरून धडधाकट दिसतो, कारण गाडी फार फिरलेली नसते. रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारं होतं. नक्षी 1.6 मिलिमीटरहून कमी उरली तर कायद्यानेही तो टायर बाद आहे. हवा कमी, वजन जास्त, वेग जास्त आणि खाली तापलेलं काँक्रीट, हे चौघे एकत्र आले की टायर फुटतो. समृद्धीवर आरटीओने टायर तपासून गाड्या परत पाठवल्या, ते काही आपल्याशी हाडवैर होतं म्हणून नव्हे. आणि हो, स्टेपनी. तीत हवा आहे की नाही, हे नेहमी पंक्चर झाल्यावरच कळतं.

तिसरं खातं ब्रेकचं. परतीचा रस्ता हिंगोली, वाशीमवरून पातूरच्या घाटाने अकोल्याकडे उतरतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. ओलावा धरलेलं तेल सतत ब्रेक मारून तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. त्या वेळी आपण बंपरवरून समोर बघत असाल. मागे बसलेल्या आजीबाईंना धीर कोण देणार, तेवढं आधी ठरवून घ्या.

चौथं खातं इंधनाचं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. कार्बोरेटरच्या जमान्यातल्या रबरी नळ्यांना आणि सीलना ते मानवत नाही. नळीला भेगा आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे निघण्याआधी बघावं लागतं. आपल्या लिंबाच्या वासात पेट्रोलचा वास लपला, तर मात्र ती आपलीच कामगिरी.

कागदपत्रांचं खातं मी आपल्याकडे देत नाही, कारण ते शेजाऱ्यांनी स्वतः चोख सांभाळलं आहे. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण, विमा, पीयूसी, फास्टॅग, सारं आहे. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबर पाटीही बसली. सीट कव्हर आणि स्पीकर सोडले, तर सध्या त्या गाडीत सगळ्यात नवी वस्तू तीच. शेवटची मारुती 800 जानेवारी 2014 मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. त्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिला ओळखणारा मिस्त्री, दोन्ही वेळेवर गाठलेले बरे.

शेजारी म्हणतात, परतताना अकोला ते अमरावती रस्ता लोण्यासारखा आहे. खरं आहे. जून 2022 मध्ये याच मार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. पण तो विक्रम रस्त्याच्या नावावर आहे. चांगल्या रस्त्यावर वाईट गाडी जोरात जाते, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध.

आमच्याच तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला पायी जाते. 1594 पासूनची ही परंपरा सांगतात. एवढी वाट चालायची म्हटल्यावर वारकरी आधी आपली वहाण बघतो, पाण्याची सोय बघतो, मुक्काम ठरवतो. विठ्ठलावर त्याचा भरवसा आपल्या यजमानांपेक्षा कमी आहे, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

तेव्हा साहेब, वरची चारही खाती आपण सांभाळणार असाल तर तसं लेखी कळवावं. जमत नसेल तर राजीनामा द्यावा. सरबताच्या खात्यात आपल्याला कायमची जागा आहे, मिरच्यांना ठेच्यात.

आपला,
महामार्गाच्या कडेला राहणारा एक मोझरीकर

प्रत माहितीसाठी : गाडीमालक. भाऊ, निघायच्या आदल्या रात्री नको, पंधरा दिवस आधी गाडी मिस्त्रीकडे न्या. कूलंट, होज पाइप, बेल्ट, ब्रेक, टायर, स्टेपनी, बॅटरी, वायपर आणि दिवे तपासून घ्या. काम झालं की सामान भरून नागपूर नाहीतर अकोल्यापर्यंत एक फेरी मारा. जे बिघडायचं ते घराजवळ बिघडू द्या. जॅक, पाना आणि पाण्याचा कॅन डिकीत ठेवा. जागा होत नसेल तर स्पीकर काढा.