सेलबाबा

उज्जैनमध्ये बाबांना तोटा नाही. सिंहस्थ आला की क्षिप्रेकाठी त्यांचीच वस्ती. कोणी मौनी, कोणी वर्षानुवर्षं उभे, कोणी एक हात वर धरलेले. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे, तेव्हा ते सगळे पुन्हा दिसतील. मी सांगतोय ते बाबा मात्र कुठल्याच आखाड्याचे नाहीत. ते फ्रीगंजात दुसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरी बँकेत, नाहीतर विमा कचेरीत. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी टॉवर चौकात एक चक्कर. घरात दहा-अकरा महिन्यांचं मूल. आणि शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, चष्म्याच्या दुकानात असतो तसला बोटभर लांबीचा पेचकस. तो दिसला की समजावं, हे सेलबाबा.

यांची साधना एकच. घरात येणाऱ्या प्रत्येक वाजत्या खेळण्यातले सेल कोणाच्या लक्षात येण्याआधी काढून घेणे.

कोणी म्हणेल, माणूस आवाजाला हळवा असेल. अजिबात नाही. उज्जैनमध्ये जन्मलेल्याला ती चैन परवडत नाही. पहाटे चारला महाकालाची भस्म आरती सुरू होते ती शंख, झांजा, डमरूंसकट. श्रावणातल्या सोमवारी सवारी निघते, तिच्याबरोबर पोलीस बँड आणि भजनी मंडळ्या. उत्तरेकडचा श्रावण संपला तरी आपला मराठी श्रावण शिल्लक असतो, त्यामुळे सवाऱ्याही पुढे चालूच. वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकाल पालखीत बसून विष्णूला भेटायला निघतात. ती भेट बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिरात होते आणि फटाक्यांनी छत्री चौक दणाणतो. ५ ऑगस्ट २०२४ ला तर दीड हजार जणांनी एकदम डमरू वाजवून गिनीज बुकात नाव घातलं. सेलबाबा ते ऐकायला हौसेने गेले, परत आले आणि पाठ टेकताच घोरू लागले. अशा माणसाला एका पिवळ्या प्लास्टिकच्या बदकाने हात टेकायला लावले.

बदकाच्या पोटात तीन पेन्सिल सेल. बटण दाबलं की ते चाकांवर गोल फिरतं, लाल-हिरवे दिवे लागतात आणि गाणं सुरू होतं. गाणं म्हणजे हिंदी सिनेमातल्या एका गाण्याची दीड ओळ. दुसरी ओळ अर्ध्यात तुटते आणि पुन्हा पहिलीपासून. सेलबाबांना गाण्याचं अंग आहे, गणेशोत्सवात एकेकाळी भावगीतं म्हटलेली आहेत. ते कळवळून म्हणतात, "आवाजाचं काही नाही हो, पण ओळ पूर्ण तर करा! समेवर तर या!" रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ते ती ओळ मनातल्या मनात पूर्ण करतात, तेव्हा कुठे डोळा लागतो.

तसा दोष बदकाचा नाही. त्याच्या डोक्यात जागाच तेवढी. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्यांना यूएम ६६ आठवेल. ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी तीन पायांची चिप, पोटात फार तर ६४ सूर. तेवढ्यात वाढदिवसाची धून बसायची, नाहीतर बीथोव्हनची 'फ्यूर एलीझे', जी मागे सरकणाऱ्या मोटारी अजूनही वाजवतात. बीथोव्हनने ती १८१० मध्ये लिहिली, तेव्हा त्याला ऐकायला बरंच कमी येऊ लागलं होतं. सेलबाबांना याचा हेवा वाटतो. त्याच साली दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण रात्री अकराला बदक सुरू झालं की सेलबाबांना दौलतरावांचं मन कळतं.

खेळण्यापायी घर अडचणीत येण्याची या गावची परंपरा मात्र जुनी आहे. शूद्रकाचं 'मृच्छकटिक' घडतं ते उज्जयिनीतच. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीची गाडी नको म्हणून रडतो, त्याला शेजारच्या पोराकडे पाहिलेली सोन्याची गाडी हवी. वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत घालते आणि तेच दागिने पुढे चारुदत्ताला वधस्तंभापर्यंत नेतात. इतकं होऊनही सेलबाबांच्या मते मातीची गाडी हे जगातलं सर्वोत्तम खेळणं. सेल नाहीत, बटण नाही, आवाज नाही. मग गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचं 'संगीत मृच्छकटिक' केलं. खेळण्याला गाणी जोडायचं काम आपल्याच माणसाने करून ठेवलंय, आता तक्रार कोणाकडे नेणार?

अशी खेळणी आईबाप विकत घेत नाहीत. ती येतात. इंदूरची आत्या आणते, देवासचे काका आणतात, पुण्याची मावशी कुरिअरने पाठवते. ज्यांची मुलं मोठी होऊन परगावी गेली आहेत, त्यांची भेट सगळ्यांत मोठ्याने वाजते, हा माझा अनुभव आहे. आत्या खेळणं स्वतः चालू करून दाखवते. बाळ आधी दचकतं, मग हसतं, मंडळी टाळ्या वाजवतात, आणि केक तोंडात असतानाच आत्याला आठवतं की इंदूरची बस गाठायची आहे. पंचावन्न किलोमीटरवर बदक ऐकू येत नाही.

बाळाची बाजूही ऐकायला हवी. ज्याँ पियाजेने आपल्याच मुलांकडे बघून लिहून ठेवलंय की चार ते आठ महिन्यांच्या सुमारास मुलाला कळू लागतं, मी असं केलं की तसं होतं, आणि मग ते तेच पुन्हा पुन्हा करतं. दाबलं, वाजलं. दाबलं, वाजलं. ज्याला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही त्याच्या शब्दाबाहेर जगातली एक वस्तू तरी नाही, या आनंदापुढे बापाची झोप ती काय! ॲरिस्टॉटलनेही 'पॉलिटिक्स'मध्ये आर्किटसच्या खुळखुळ्याची शिफारस केली आहे: मुलाला तो द्यावा, म्हणजे ते त्यात रमतं आणि घरातल्या वस्तू फोडत नाही.

ॲरिस्टॉटलचं म्हणणं वहिनींना न वाचताच पटलेलं आहे. त्या दुपारी सेल घालतात, पोळ्या आणि कुकर होईपर्यंत बदक फिरू देतात, आणि संध्याकाळी खाली स्कूटर वाजली की सेल काढून होते तिथे ठेवून देतात. सेलबाबांना वाटतं, आपलं काम पक्कं आहे.

काम खरोखर पक्कं आहे, पण ते एका दिवसात जमलेलं नाही. सुरुवात चिकटपट्टीने झाली. स्पीकरच्या भोकांवर एक पट्टी लावली, फरक शून्य. तीन लावल्या तर बदकाला पडसं झाल्यासारखं वाटू लागलं, आणि चौथ्या दिवशी बाळ त्या पट्ट्या सोलून चघळताना सापडलं. मग आली कागदाची युक्ती. सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये बसच्या तिकिटाचा तुकडा सारायचा. कोणी झाकण उघडून पाहिलं तरी सेल जागच्या जागी, आणि बदक मात्र ढिम्म. आत्या अचानक आली तर कामाला येते म्हणून ही पद्धत त्यांनी राखून ठेवली आहे. स्पीकरची तार कापणं हा शेवटचा उपाय, तो त्यांनी एका भुंकणाऱ्या कुत्र्यावर केला. कुत्रा शेपूट हलवायचा, तोंड उघडायचा, मिटायचा, आवाज नाही. दोन दिवस ते दृश्य पाहून सेलबाबांना जेवण जाईना. त्यांनी सोल्डरिंगची कांडी उसनी आणली, तार जोडली, आणि मग रीतसर सेल काढले.

खरी कसोटी आईपुढे लागते.

"अरे, हे बजत का नाही आहे?"

"सेल खतम झाले, आई."

"परवाच तर टाकले होते!"

"चायनाचे आहेत ते. टिकतात का कधी?"

एवढ्यावर भागत नाही. आजोबा उठतात. नातवासाठी ते टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढतात, म्हणजे संध्याकाळच्या बातम्यांवर पाणी सोडतात. तिसरा सेल भिंतीवरच्या घड्याळातून येतो. जुने ज्योतिषी आपली मध्यरेषा ज्या गावावरून धरत, वराहमिहिराचं नाव ज्या गावाशी जोडलेलं आहे, जिथे सवाई जयसिंगांनी वेधशाळा बांधली, त्या उज्जैनमधल्या या एका घरात कायमचे सव्वापाच वाजलेले असतात. रात्री सेलबाबा बदकातले सेल काढतात, पण घड्याळात परत घालत नाहीत. घातले तर आजोबांना ते पुन्हा सापडतील.

कायद्याचं दारही त्यांनी ठोठावून पाहिलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. हे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. १३ डिसेंबर २०२३ ला उज्जैनचेच मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी पहिला आदेश काढला तो मर्यादेबाहेर वाजणाऱ्या भोंग्यांविरुद्ध. सेलबाबांनी ती बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. बदकांबद्दल काही नव्हतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला, म्हणून त्यांनी गोपाळ मंदिराजवळच्या एका गाड्यावर शिक्का कुठे आहे असं विचारलं. गाडीवाला म्हणाला, "भैया, खिलौना है, कुकर थोड़े ही है." सेलबाबा निमूटपणे पुढे गेले.

या माणसाची मी इतकी थट्टा केली, पण दोन ठिकाणी मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे. बाळाचे हात आखूड असतात आणि खेळणं ते थेट कानाला लावतं. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून "कुठे एवढा आवाज आहे?" म्हणणाऱ्या पाहुण्याने बाळाच्या कानाच्या जागी आपला कान नेऊन पाहावा. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. छोट्या खेळण्यांत शर्टाच्या गुंडीएवढे चपटे सेल असतात. ते मुलाने गिळले आणि अन्ननलिकेत अडकले, तर दोन तासांत आतून भाजून जखम होऊ शकते. सेलच्या कप्प्याला स्क्रू असतो तो याचसाठी. सेलबाबा सेल काढतात पण स्क्रू पुन्हा पिळल्याशिवाय उठत नाहीत, आणि काढलेले सेल टेबलावर कधीही ठेवत नाहीत. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर घट्ट झाकणाचा एक डबा आहे, त्यात ते जातात. मुलाने चपटा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं, हे त्यांनी घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.

हळूहळू बाळ सव्वा वर्षाचं झालं. एका संध्याकाळी ते डुगडुगत आलं, बदक उलटं करून बापाच्या मांडीवर ठेवलं, झाकणावर थापटी मारली आणि स्पष्ट म्हणालं, "शेल."

घरात आनंदीआनंद झाला. पहिला शब्द! आजीला तो 'आजी' हवा होता, वहिनींना 'आई', आणि सेलबाबांची तर खात्रीच होती की तो 'बाबा' असणार. इंदूरला फोन गेला. आत्या म्हणाली, "अगंबाई, किती हुशार! येते मी पुढच्या आठवड्यात, आगगाडी बघून ठेवली आहे." सेलबाबांनी खिशाकडे हात नेला तर पेचकस जागेवर नव्हता. तो बाळाच्या मुठीत होता.

या प्रसंगानंतर ते निवळले असतील असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण परवा त्याच आत्याला इंदूरला नातू झाला आणि बारशाला निघालेले सेलबाबा मला बसस्टँडवर भेटले. हातात मोठं खोकं. आत पोलिसांची जीप, सायरन, चार प्रकारचे भोंगे, वर फिरणारा निळा दिवा. मूल बारा दिवसांचं. म्हटलं, एवढ्या लवकर? म्हणाले, "राहू दे घरात, मोठा होईल की." आणि पिशवीतून सेलची दोन नवी पाकिटं काढून दाखवली. मी त्यांना अडवलं नाही.

तुम्हाला मात्र एक विनंती. लहान मूल असलेल्या घरी जाणार असाल तर कापडी चेंडू न्या, लाकडी ठोकळे न्या, चित्रांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक न्या. वाजणारंच न्यायचं असेल, तर आवाज कमी करायचं बटण आणि आयएसआयचा शिक्का आहे ना, ते पाहून घ्या. आणि खोक्यावर 'सेल सोबत दिलेले नाहीत' असं छापलेलं असेल, तर कृपा करून वाटेत सेल विकत घेऊ नका.