डब्याचा भाव

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ सालचं पुठ्ठ्याचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. म्हणजे तब्बल १०० कोटी रुपये. हे वाचून मी पुण्यातल्या घराचा माळा उपसला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत क्रिकेटची कार्डं: कपिल, अझरुद्दीन आणि वितळलेल्या रबरबँडला चिकटलेला तेंडुलकर. कोपरे दुमडलेले. मागे बॉलपेनाने माझं नाव, इयत्ता, तुकडी. चोरीला जाऊ नये म्हणून. जाणकार म्हणतात, हात न लागलेल्या कार्डालाच भाव. थोडक्यात, जो पोरगा खेळलाच नाही, तो आज श्रीमंत.

मँटल महाग का? १९५२च्या न खपलेल्या कार्डांची खोकी कंपनीने १९६०मध्ये समुद्रात बुडवली, घरोघरची कार्डं आयांनी केरात टाकली. भाव कळल्यावर मात्र सगळेच जपायला लागले, कंपन्यांनीही भरमसाट छापली. १९९०च्या आसपासच्या त्या गठ्ठ्यांना आज कुत्रं विचारत नाही. आणि आम्ही तर दुधाच्या पिशव्याही धुऊन वाळत घालणारी माणसं. पुण्यात टंचाई व्हायची कशी?

सहकारनगरच्या क्रिकेट संग्रहालयात खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी काचेआड आहेत. बॅट माझ्याकडे नव्हती, सही फक्त माझीच होती. म्हणून रविवारी डबा घेऊन जुना बाजार गाठला. विक्रेत्याने झाकण उघडलं, कार्डं काढून माझ्या हातात दिली आणि डबा उलटसुलट करून पाहिला.

"पत्रा चांगलाय. वीस रुपये देतो."