वाय-फायवरचा इग्वाना

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो दिवसभर भट्टीचं तापमान सांभाळतो आणि संध्याकाळी घरी येऊन सरड्याचं. पहिल्या कामाचा निदान पगार तरी मिळतो, असं घरच्यांचं म्हणणं.

सरडा म्हणजे हिरवा इग्वाना. मूळ गाव मध्य-दक्षिण अमेरिका, आहार शुद्ध शाकाहारी, पूर्ण वाढला की शेपटीसकट पाच-सहा फूट. त्याच्यासाठी लोखंडी अँगलची चौकट, वर यूव्हीबी ट्यूब, सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट, सेन्सर आणि कॅमेरा. ऊन खायच्या फांदीवर ३५ अंश, हवेत ७० टक्के ओलावा. ज्या गावात नळ आल्याची खबर वरातीसारखी गल्लीभर फिरते, तिथे याच्या घरात दर दोन तासांनी आपोआप फवारा उडतो. तोही आरओच्या पाण्याचा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी नोझल तुंबतं.

"एवढं कशाला?" असं पाहुण्याने विचारायचा अवकाश! यूव्हीबी नाही तर डी-थ्री नाही, डी-थ्री नाही तर अंगी कॅल्शियम लागत नाही, मग हाडं वाकतात, जबडा मऊ पडतो. चहा निवेपर्यंत हे चालतं. मग तो इग्वानाच्या डोक्यावरचा तिसरा डोळा दाखवतो. तो खरंच असतो, उजेड-सावली ओळखणारा बारीकसा ठिपका. आजी लगेच हात जोडते.

खिडकीची काच यूव्हीबी अडवते, हे त्याचं खरंच आहे. गच्चीवरचं ऊन मात्र फुकट आणि अस्सल. पण गच्चीला अ‍ॅप नाही.

शेजारचे काका अधूनमधून बजावतात, "घोरपड पाळलीस बाबा, फॉरेस्टवाले उचलून नेतील." घोरपड, तारा कासव, नाग पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. हा मोबाइल पुढे करतो. साइट्स करारातल्या परदेशी प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करणं २०२४ च्या नियमांनी सक्तीचं केलं, ती नोंद त्यात. काका चष्मा चढवून वाचतात आणि विचारतात, "आधार लिंक केलं का ह्याचं?"

मे महिन्यात पारा ४२ वर जातो. हीटर आपोआप बंद होतो, कूलरचं तोंड पिंजऱ्याकडे वळतं, आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर पहिला हक्क इग्वानाचा. आई पदराने वारा घेत म्हणते, "माझ्या खोलीतल्या पंख्याचं रेग्युलेटर दिवाळीपासून गेलंय. त्याला सेन्सर नाही ना!"

परवा रात्रपाळीत पहाटे अलर्ट आला, 'हालचाल'. घाबऱ्याघुबऱ्या कॅमेरा उघडला तर देवपूजेच्या परडीतलं जास्वंद आईच्या हातात, आणि इग्वाना ते चवीने खातोय. जास्वंद त्याला मानवतं, पण आहाराच्या तक्त्यात त्याची नोंद कुठे होती? त्याने आईच्या फोनमध्येही अ‍ॅप टाकलं, फूल दिलं की बटण दाबायला शिकवलं. बटण तिने अजून एकदाही दाबलेलं नाही. नोझल तुंबलं की रात्री दोन वाजता दोघांचेही फोन मात्र वाजतात.