डब्याला कुलूप कशाला?

गेमिंगचा संगणक टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढा हवा, ही मागणी रास्तच आहे. वन-रूम-किचनमध्ये गुडघाभर उंचीचा टॉवर ठेवायचा तरी कुठे? पण ‘छोटा आहे ना साहेब, यात पुढे काही बदलता येत नाही’ असं दुकानदार सांगायला लागला, की तिथेच त्याला थांबवा. बदलता येतं. बनवणाऱ्याने ते बदलू द्यायचं ठरवलेलं असलं पाहिजे, इतकंच.

तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स मदरबोर्डचं माप ठरवलं, १७० बाय १७० मिलिमीटर. आजही तेच माप चालतं आणि स्क्रूची भोकंही जागची हललेली नाहीत. त्यामुळे दहा-बारा लिटरच्या कॅबिनेटमधून एका कंपनीचा बोर्ड काढून दुसरीचा सहज बसवता येतो. छोट्या एसएफएक्स पॉवर सप्लायचंही माप असंच ठरलेलं आहे. तडजोडी आहेतच. ग्राफिक्स कार्डासाठी स्लॉट एकच मिळतो आणि रॅमला बहुधा दोन. म्हणून सुरुवातीला ८-८ जीबीची जोडी घातलीत, तर वाढवताना दोन्ही पट्ट्या काढाव्या लागतात.

आणि रॅम काढून टाकण्याचे हे दिवस नाहीत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि २०२५च्या अखेरीस भाव भडकले; डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुनं टिकवून नवं घालता येण्याला खरी किंमत येते. एएमडीच्या एएम४ सॉकेटचंच पाहा. २०१७च्या बोर्डावर बायोस अपडेट मिळालं, की २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो, तोही त्याच डीडीआर४ रॅमवर. असं सॉकेट देणाऱ्याला मी पैसे आनंदाने देईन.

लॅमिंग्टन रोडवर ऑफिसांतून निघालेले छोटे संगणक स्वस्तात मिळतात. कॉलेजची मुलं ते घेतात आणि त्यात ग्राफिक्स कार्ड घालतात. छान करतात. पण झाकण उघडून एकदा आत डोकावा. अनेक मॉडेलांत पॉवर सप्लायचा आकारच वेगळा असतो, बोर्डाकडे जाणारी वायर नेहमीच्या २४ पिनांची नसते आणि कार्डासाठी जादा पॉवरची वायर दिलेलीच नसते. मग स्लॉटमधून मिळतील त्या जास्तीत जास्त ७५ वॉटवर भागवायचं. आरटीएक्स ३०५०चं ६ जीबी कार्ड ७० वॉटवर चालतं. त्याचं लो-प्रोफाइल मॉडेल घ्या, खोक्यात मिळणारी आखूड पट्टी लावा, काम झालं. जुन्या, स्वस्त मशीनमध्ये एवढी अडचण चालवून घेता येते. नव्या कोऱ्या गेमिंग मशीनची पूर्ण किंमत मोजून, वर १८ टक्के जीएसटी भरून, तीच अडचण घरी का आणायची? सप्लाय जळाला तर लाखभराचा संगणक एका विचित्र आकाराच्या डबीसाठी कंपनीच्या दारात ताटकळत उभा राहणार!

रॅम बोर्डावर डकवलेली असली म्हणून सरसकट बोटं मोडू नयेत, हेही खरं. फ्रेमवर्कच्या साडेचार लिटरच्या डेस्कटॉपमध्ये ती तशीच आहे. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या रुंद, वेगवान जोडणीसाठी तसं करावं लागलं, हे कंपनीने उघड सांगितलं आणि बोर्डाचं माप मात्र मिनी-आयटीएक्सच ठेवलं. ज्याच्याकडे कारण आहे तो ते सांगतो.

तेव्हा पैसे देण्याआधी काउंटरवर विचारा. पॉवर सप्लाय बाजारातला बसेल का? बोर्ड मिनी-आयटीएक्स आहे का? कार्ड किती मिलिमीटर लांबीपर्यंत मावेल? उत्तरं बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहायला कचरला, तर शेजारचं दुकान उघडंच आहे.