जरी नको, रेडियम लावा

कुत्र्यासाठी शेरवानी, गॉगल, मालकाच्या कुर्त्याच्याच कापडाचा कुर्ता! मुंबई-पुण्याची ही हौस आता मोबाईलवरून मागवली की जालन्यातही घरपोच येते. हौस जरूर करा. पण ती ज्याच्या अंगावर चढते, त्याचं अंग आधी समजून घ्या.

मे महिन्यात जालन्याचा पारा 40 अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. अंग तो मुख्यतः धापा टाकूनच थंड करतो. अंगावर केसांचं पांघरूण असताना वरून जरीचा कोट चढवला की फोटोत त्याची जीभ लोंबते आणि आपण म्हणतो, ‘बघा, कसा हसतोय!’ तो हसत नाही, त्याला उकडतंय.

गळ्यातल्या घुंगरांचंही तेच. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 40 हजारांच्याही पलीकडचे. त्या कानांशी दिवसभर छुमछुम कशासाठी?

कुत्र्याच्या अंगावरची खरी देखणी वस्तू त्याच्या उपयोगी पडते. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या थेट मान धरतो. 2023 साली मुंबई विमानतळाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले आले; स्कॅन केलं की लसीकरणाची माहिती समोर. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. ती दिसली की नसबंदीसाठी त्याला पुन्हा पकडायची गरज उरत नाही.

जालन्याला अशाच दागिन्यांची गरज आहे. सळयांनी भरलेले ट्रक रात्रभर धावतात आणि रस्त्यात बसलेलं काळं कुत्रं चालकाला शेवटच्या क्षणी दिसतं. गाड्यांना रेडियम लावणारी दुकानं गावात आहेत. तिथली पट्टी कापडी पट्ट्यावर शिवा. मान आणि पट्टा यांच्यात दोन बोटं सहज जातील, एवढा तो सैल ठेवा. वाढत्या पिल्लाला आवळणारा पट्टा मानेत रुततो. घरच्या कुत्र्याच्या पट्ट्याला तुमचा फोन नंबर अडकवा आणि रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या.

शेरवानीच्या पैशांत गल्लीतल्या चार कुत्र्यांचे पट्टे होतील. या महिन्यात शेरवानी राहू द्या, पट्टे शिवा.